फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी दुप्पट मेंटेनन्स लावू शकते का?

नाही. सर्वसाधारण सभेत एकमताने ठराव झाला असला तरी नाही. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी सरकारने 1 ऑगस्ट 2001 ला सहकार कायद्याच्या कलम 79-अ खाली आदेश काढला: बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो तेव्हा सोसायटी लावते ते जादा शुल्क) सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नको. 2007 साली मुंबई उच्च न्यायालयानेही तो उचलून धरला.

खरी गोम 'सेवाशुल्क' या शब्दात आहे. बरेच सेक्रेटरी पूर्ण बिलावर 10 टक्के लावून मोकळे होतात. सेवाशुल्कात वॉचमन-लिफ्टमनचे पगार, जिन्यातले दिवे, छपाई, ऑडिट फी असले खर्च येतात. महापालिकेचा कर, पाणीपट्टी, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी धरायचे नाहीत. समजा बिल 4,000 चं आणि त्यात सेवाशुल्क 1,800, तर महिन्याला जास्तीत जास्त 180 रुपये. बस्स.

आणि फ्लॅटमध्ये तुमचे आईवडील, भाऊबहीण किंवा मुलगी-जावई राहत असतील तर तेही नाही.

आधी कमिटीला लेखी पत्र द्या, पोच घ्या (तोंडी बोलणं जिन्यातच विरतं). दाद लागली नाही तर तुमच्या वॉर्डाच्या किंवा तालुक्याच्या सहकारी संस्था उपनिबंधकांकडे तक्रार करा. तोवर बाकीचं बिल मात्र वेळेवर भरा. रागाच्या भरात सगळंच थांबवलंत तर थकबाकीदार तुम्हीच ठराल आणि सहकार कायद्याच्या कलम 154ब-29 खाली वसुली मागे लागेल.