रक्ताचा अहवाल आणि मनातले विचार

प्रश्न : माझ्या 34 वर्षांच्या धाकट्या भावावर नैराश्याचे उपचार सुरू आहेत. कसे वाटते असे विचारले की 'छाती जड झालीये, डोकं बधिर झालंय' एवढेच तो सांगतो. त्याच्या रक्तात सीआरपी वाढलेले निघाले आणि त्याचा आत्महत्येशी संबंध असतो, असे वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे. मी काय करावे?
– एक भगिनी, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : ताई, तुमची काळजी रास्त आहे, मात्र त्या आकड्यापेक्षा भावाच्या बोलण्याकडे अधिक लक्ष द्या. सीआरपी हे यकृतात तयार होणारे प्रथिन असून शरीरात कुठेही दाह असला की ते वाढते. नैराश्याच्या काही रुग्णांत ते जास्त आढळते आणि आत्महत्येच्या विचारांशी त्याचा संबंध काही अभ्यासांत दिसलाही आहे. परंतु हिरड्यांचा संसर्ग, स्थूलपणा, धूम्रपान किंवा साधा ताप यांनीही ते वाढत असल्यामुळे, एखाद्या माणसाला किती धोका आहे हे या तपासणीवरून ठरवता येत नाही. अहवाल डॉक्टरांना अवश्य दाखवा, पण त्यावरून निष्कर्ष काढू नका.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती 'जड छाती'. स्वतःच्या भावना ओळखणे आणि शब्दांत मांडणे ज्यांना जमत नाही, त्यांच्या या अडचणीला मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफ्निओस यांनी 1970च्या दशकात अ‍ॅलेक्सिथायमिया हे नाव दिले. तुमच्या भावाला तीच अडचण आहे का, हे त्याचे डॉक्टर तपासून सांगतील. अशी माणसे दुःख बोलून दाखवत नाहीत, म्हणून त्यांना त्रास कमी आहे असा घरच्यांचा, क्वचित डॉक्टरांचाही समज होतो, आणि तो घातक ठरू शकतो. तेव्हा 'कसं वाटतंय?' असे मोघम विचारण्याऐवजी 'छाती जड होते तेव्हा डोक्यात काय येतं? जगू नये, जीव द्यावा असं वाटतं का?' असे शांतपणे, थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट अनेकांना कुणीतरी विचारले याने हायसे वाटते.

उत्तर होकारार्थी आले, किंवा त्याने उत्तर टाळले आणि तुमचे मन ग्वाही देईना, तर त्याला एकटे सोडू नका, सगळी औषधे आपल्या ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. तातडीचा धोका वाटल्यास थेट जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येते; तुम्हीही बोलू शकता. डॉक्टरांना भेटाल तेव्हा भावाचे शब्द जसेच्या तसे सांगा, त्यांचा आपल्या परीने अर्थ लावून नव्हे.