कायद्याचा सल्ला: मॉलमध्ये पडून हाड मोडलं, भरपाई किती?

प्रश्न : माझी आई (वय ५२) मॉलमधल्या ओल्या फरशीवरून घसरली. खुब्याचं ऑपरेशन झालं, खर्च २ लाख ८० हजार. ती घरून डबे पुरवते, महिन्याला साधारण २० हजार सुटतात. मॉलवाले ५० हजार देऊन कागदावर सही मागताहेत. अमेरिकेत अशा दाव्यांत कोट्यवधी मिळतात म्हणे. इथे किती मिळतील?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सही करू नका. ‘यापुढे कोणताही दावा नाही’ असं एकदा लिहून दिलं की पुढची वाट फार अवघड होते.

कोट्यवधींची आशा मात्र सोडा. दिल्लीच्या उपहार सिनेमागृहाच्या आगीत (१९९७) ५९ माणसं गेली. तरीही २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने दंडात्मक भरपाई अडीच कोटींवरून २५ लाखांवर आणली. आपल्याकडे मिळते ती मुख्यतः प्रत्यक्ष नुकसानीची भरपाई, आणि तीही कागदाने सिद्ध झाली तेवढीच.

अशा दाव्यांसाठी ठरावीक कोष्टक नाही, पण मोटार अपघातांचं गणित आधाराला घेता येतं. ५१ ते ५५ वयाला गुणक (वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचं तो आकडा) ११. वार्षिक उत्पन्न २ लाख ४० हजार. कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं धरलं, तर ७२ हजार गुणिले ११, म्हणजे ७ लाख ९२ हजार. त्यात उपचारखर्च, बुडालेले महिने आणि वेदनांपोटी काही रक्कम.

बहुतेक दावे त्या ३० टक्क्यांवरच अडतात. दाखल्यात ‘पायाचं ३० टक्के अपंगत्व’ असेल, तर संपूर्ण शरीराचं त्याहून बरंच कमी भरतं. ते १० टक्के धरलं गेलं, तर ७ लाख ९२ हजारांचे २ लाख ६४ हजार होतात. न्यायालय पाहतं ते त्या व्यक्तीच्या कामावर झालेला परिणाम. तासन्‌तास ओट्याशी उभं राहणं हेच आईचं काम आहे, हे डॉक्टरांच्या साक्षीत यायलाच हवं. नुसता दाखला जोडून भागत नाही. उत्पन्नासाठी डब्यांची वही, यूपीआयच्या नोंदी आणि दोन-तीन गिऱ्हाइकांची शपथपत्रं जमवा.

सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी मागणी आजच स्पीड पोस्टाने पाठवा. ‘फरशी ओली आहे’ असा फलक होता का, हा पहिला प्रश्न येईल. तो नजरेसमोर असेल, तर आईचाही निष्काळजीपणा धरून रक्कम कापली जाईल.

त्या दिवसाचं खरेदीचं बिल किंवा पार्किंगची पावती आहे? मग घराजवळच्या जिल्हा ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत तक्रार करा. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मोबदला म्हणजे तुम्ही मॉलला दिलेले पैसे, मागितलेली भरपाई नव्हे. काहीच पावती नसेल, तर ‘ग्राहक’ असल्याचं दाखवणं कठीण. मग दिवाणी न्यायालय, आणि तिथे मागणीच्या रकमेवर कोर्ट फी.

प्रश्न : रस्त्यावरच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून माझा हात मोडला. हेच गणित लागू होतं का?

उत्तर : दिवाणी दावा केलात, तर हो. त्याआधी सोपा मार्ग वापरा : मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे जखमी झालेल्यांना ५० हजार ते अडीच लाख, तर मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख द्यायला सांगितलं आहे. दावा त्यासाठीच्या समितीपुढे जातो. जागेचे फोटो, पोलीस नोंद आणि ‘मॅनहोलमध्ये पडून’ असं कारण लिहिलेला दवाखान्याचा केसपेपर सोबत जोडा. केसपेपरवर नुसतं ‘पडल्यामुळे’ असेल, तर डॉक्टरांना भेटून नोंद आताच पूर्ण करून घ्या.