लिनक्सच्या ‘कॅट’ (फाइल दाखवणारी), ‘डब्ल्यूसी’ (ओळी-शब्द मोजणारी) यांसारख्या कमांड रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत पुन्हा लिहून काही शिकायला मिळतं, की नुसता वेळ जातो?

मिळतं, आणि भरपूर मिळतं.

बीईच्या व्हायवाला मी ‘कॅट’, ‘डब्ल्यूसी’ आणि ‘टेल’ (फाइलचा शेवट दाखवणारी) रस्टमध्ये लिहून नेले होते. नाशिकमधलंच कॉलेज, नाव घेत नाही. बाहेरून आलेल्या सरांनी कोड उघडलासुद्धा नाही. "हे लिनक्समध्ये आयतं मिळतं की! नवीन काय केलं?" शेजारच्या ग्रुपचं हजेरीचं ॲप होतं, दरवर्षी कोणीतरी करतंच. त्यांना पैकीच्या पैकी.

अहो, आयतं मिळतं म्हणूनच तर लिहायचं! एकाच फाइलवर मूळ कमांड आणि आपली, दोन्ही चालवा. फरक दिसला की समजा, तिथे आपल्याला काहीतरी माहीत नाही. माझा ‘कॅट’ एकटा झकास चालायचा. मोठी लॉग फाइल देऊन पुढे ‘हेड’ (पहिल्या दहा ओळी दाखवणारी कमांड) जोडला, की दहा ओळी छापून ‘ब्रोकन पाइप’ म्हणत पॅनिक, म्हणजे प्रोग्रॅम कोसळायचा. मूळ ‘कॅट’ मात्र चिडीचूप. कारण दहा ओळी झाल्या की ‘हेड’ निघून जातो, मागून लिहिणाऱ्याला कर्नल (लिनक्सचा गाभा) ‘सिगपाइप’ हा ‘पुढे वाचणारं कोणी नाही’ सांगणारा सिग्नल पाठवतो आणि सी भाषेतला प्रोग्रॅम तिथेच गुमान मरतो. रस्ट हा सिग्नल सुरुवातीलाच बंद करून ठेवतं, म्हणून मरण टळतं, पण एरर हातात येते. पायथनचंही तेच. अंबडला नोकरीला लागल्यावर रात्रीच्या क्रॉनची (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाची) तीच एरर रोज मेलवर यायची आणि सीनियर सर्व्हर रीस्टार्ट करायला निघाले होते. मी स्क्रिप्टमधल्या ‘हेड’वर बोट ठेवलं.

‘नवीन काय’ विचारणाऱ्यांसाठी आणखी एक. याच मूळ कमांड रस्टमध्ये लिहिणारा कोअरयुटिल्स प्रकल्प 2013 पासून चालू आहे, उबुंटू या लिनक्सनं तो 25.10 या आवृत्तीत डीफॉल्ट केला. लगेच ‘डेट’च्या ‘-आर’नं घोळ घातला: फाइलची वेळ सांगायची सोडून आत्ताची सांगत होता, त्यामुळे आपोआप होणारी अपडेटची तपासणी अडली. इतक्या वर्षांनी, एका अक्षराच्या ऑप्शनवर! आणि आमचे सर म्हणे आयतं.

सुरुवात ‘डब्ल्यूसी -एल’नं करा. शेवटच्या ओळीला एंटर नसेल तर ती मोजायची का, इथेच अर्धा दिवस जाईल. (मूळ कमांड मोजत नाही.)

हां, पण सी टाळायला म्हणून हे करत असाल तर नका करू, मूळ कमांडचा सीमधला कोड वाचावाच लागतो. आणि ‘आरएम’ (फाइल उडवणारी कमांड) लिहाल तेव्हा वेगळं व्हर्च्युअल मशीन घ्या, घरच्या लॅपटॉपवर नको.