खुलासा हा 'खुला'तून आलेला नाही

अंबडच्या एमआयडीसीत ठिबकच्या एका कंपनीत काम करणाऱ्या ताईंनी विचारलंय की शेतकऱ्यांना आणि डीलरना हमीच्या नियमांचं एकपानी पत्रक वाटायचंय, त्याला वर 'खुलासा' असं शीर्षक चालेल का. त्यांचे साहेब म्हणतात खुलासा म्हणजे खुलं करून सांगणं, 'खुला'वरूनच तर आलाय, सोपा शब्द आहे, ठेवा. दुसरे एक सर म्हणतात तो फारसी आहे, 'स्पष्टीकरण' लिहा, ते शुद्ध. आणि जाता जाता खुलासेवार हा एक शब्द की दोन, हेही विचारलंय.

ताई, दोघंही चुकतायत. साहेब जास्त चुकतायत म्हणून आधी त्यांचं बघू, आणि त्यांची चूक मला रोज संध्याकाळी टीव्हीवर ऐकू येते म्हणून थोडं चिडूनच लिहितोय. 'धक्कादायक खुलासा', 'सर्वात मोठा खुलासा', 'पोलीस तपासात खुलासा'. खुलासा धक्कादायक कसा असेल? खुलाशानं धक्का बसत नाही, बसलेला ओसरतो. एखाद्यानं लपवलेलं बाहेर आलं तर त्याला मराठीत गौप्यस्फोट आहे, बिंग फुटणं आहे, पितळ उघडं पडणं आहे, साधं 'उघडकीस आलं' आहे, इतकं सगळं घरात असताना हिंदी बातम्यांमधला अर्थ उचलून आणायचा आणि आपल्या चांगल्या शब्दाचा अर्थ बिघडवायचा, हे मला सहन होत नाही. आणि याच्या मुळाशी साहेबांचीच समजूत आहे, की खुलासा म्हणजे काहीतरी 'खुलं' करणं.

खुला, खुलणं, खोलणं हे सगळं आपलं देशी घराणं. रंग खुलतो, चेहरा खुलतो, सातपूरला गॅरेजवाला इंजिन खोलतो. खुलासा या घरातला नाहीच. तो अरबी, फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आलेला. खे-लाम-साद असा तीन अक्षरांचा धातू आहे, त्याचा अर्थ सुटणं, मोकळं होणं, भेसळ निघून जाऊन शुद्ध उरणं. त्यातून झाला 'खुलासा', म्हणजे गाळून, वेगळं करून उरलेला नेमका भाग, अर्क.

आता यातली खरी गंमत सांगतो, जिच्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो. अरबीच्या जुन्या कोशांमध्ये खुलासा या शब्दाचा एक अगदी घरगुती अर्थ दिलेला आहे. लोणी कढवल्यावर जे स्वच्छ तूप सुटून वर येतं, ते म्हणजे खुलासा! वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून स्वैपाकघरात गेलो होतो. ते लोक कढताना त्यात खजूर नाहीतर भाजलेल्या सातूचं पीठ टाकायचे, गाळ त्याला धरून बसावा म्हणून, आपल्याकडे कुणी विड्याचं पान टाकतं, कुणी मिठाचे दोन खडे. कृती तीच. आधी फेस येतो, मग तडतड तडतड वाजतं, त्यातलं ताक आणि पाणी जळत असतं, मग अचानक आवाज बसतो, तो बसला की आई गॅस बंद करायची, म्हणायची झालं, बोलायचं थांबलं. वर सोनेरी पातळ तूप, तळ दिसेल इतकं नितळ, आणि तळाला तांबूस बेरी. ते वरचं म्हणजे खुलासा. आम्हा पोरांना बेरीत साखर घालून मिळायची, ती गोष्ट वेगळी, पण वरणभातावर कुणी बेरी वाढत नाही.

फारसीत पोचल्यावर तुपाचा अर्थ मागे पडला आणि सार, सारांश एवढा राहिला. बटाल्याच्या सुजान राय भंडारींनी १६९५ च्या सुमारास हिंदुस्थानचा इतिहास फारसीत लिहिला त्याचं नाव 'खुलासत-उत-तवारीख', म्हणजे इतिहासांचं सार. कुणी काही लपवलेलं बाहेर काढलं असा त्याचा अर्थ नाही. उर्दूत आजही कथेचा खुलासा म्हणजे कथेचा सारांश.

याच धातूची बाकीची भावंडं आपण रोज वापरतो आणि ती एकमेकांची कोणी लागतात हे लक्षातच येत नाही. खलास हा सख्खा भाऊ. मुळात सुटका, मग संपलं, आता नाशिकची जी पोरं दुबईला कामाला आहेत ती तिथं दिवसातून पन्नास वेळा 'खलास' ऐकतात आणि त्यांना ते शिकवावं लागत नाही. खालसा दुसरा. ज्या जमिनीत जहागीरदाराचा वाटा मिसळलेला नाही, जी निव्वळ सरकारची, ती खालसा, म्हणून १८४८ साली डलहौसीनं साताऱ्याचं राज्य घेतलं ते 'खालसा केलं'. गुरू गोविंदसिंगांनी १६९९ मध्ये आनंदपूरला स्थापला तो खालसाही शब्द म्हणून हाच, शुद्ध या अर्थानं. आणि सिंहस्थात तपोवनात साधुग्राम उभं राहतं तेव्हा वैष्णव आखाड्यांचे जे खालसे, म्हणजे साधूंचे गट, येतात, कुठल्या खालशाला किती जागा यावरून बातम्या येतात, तिथंही शब्द तोच. कवीचं टोपणनाव म्हणजे तखल्लुस, तेही या घरातलं. आमच्या नाशिकच्या शिरवाडकरांचं 'कुसुमाग्रज' हे मराठीतलं तखल्लुसच झालं.

खलाशी राहिला. कोशकार त्यालाही याच धातूला जोडतात, काहींना ते पटत नाही, कारण दर्यावर्दी माणसाचा आणि सुटकेचा काय संबंध असं ते विचारतात. मला वाटतं ते खलाशी म्हटल्यावर फक्त समुद्र बघतात म्हणून अडतात. मनमाडला समुद्र आहे का? पण तिथल्या रेल्वेत 'खलाशी म्हणून लागले' असं सांगणारी माणसं घरोघर भेटतील. इंग्रजांच्या काळात तंबू ठोकणाऱ्याला खलाशी म्हणत, मोजणीवाल्यांबरोबर साखळी धरून जाणाऱ्यालाही म्हणत. जहाज, तंबू, साखळी, रेल्वेचं अवजड सामान, या सगळ्यात एकच गोष्ट सारखी आहे, दोर नाहीतर साखळी बांधायची आणि सोडायची. खलाशी म्हणजे सोडणारा, मोकळं करणारा. हा माझा तर्क आहे आणि मी त्यावर ठाम आहे, 'संबंध काय' एवढं विचारून हात झटकणाऱ्यांनी कधी मालधक्क्यावर उभं राहून बघावं.

तर, सारांश या अर्थाचा शब्द मराठीत समजावून सांगणं या अर्थाकडे कसा सरकला? नेहमीचं उत्तर असं की लोकांना त्यात 'खुला' ऐकू आला, म्हणजे साहेबांची चूक आपल्या पणजोबांनीच करून ठेवली होती. थोडंफार तसं झालं असेलही. पण मला कचेरीची वाट जास्त पटते. हिशोब वर पाठवायचा तो सगळा बाड उचलून नाही पाठवत, त्याचा खुलासा पाठवतात, म्हणजे गोषवारा. आकडा जुळला नाही की वरून विचारणा, अमक्या रकमेचा खुलासा पाठवा. आता इथं गोषवारा मागितला की जाब मागितला? दोन्ही. आणि हळूहळू जाबच उरला. म्हणून आज ऑफिसात 'खुलासा मागवला' म्हटलं की ज्याच्याकडून मागवलाय त्याचा चेहरा पडतो, 'तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा' हे वाक्य कुणी आनंदानं वाचत नाही. पेपरात शेवटच्या पानांवर 'जाहीर खुलासा' छापून येतो तोही कुणावर तरी काहीतरी आळ आल्यावरच.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. व्युत्पत्ती काहीही असो, तुमचं पत्रक ज्याच्या हातात पडणार आहे त्याच्या कानात हा जाब वाजणार आहे.

माझ्या मावशीचं सांगतो. देवळाली गावात राहते, तिच्या ठेवी एका पतसंस्थेत आहेत, तिथून पत्र आलं, वर ठळक अक्षरात 'खुलासा', खाली 'सदरहू ठेवखात्याच्या अनुषंगाने कळविण्यात येते की' असं सुरू होऊन अर्धं पान. तिला वाटलं आपल्याकडून खुलासा मागितलाय, आपलं काहीतरी चुकलं. रात्रभर झोप नाही, सकाळी सगळ्या पावत्या, पासबुक, काकांच्या मृत्यूचा दाखला असं सगळं पिशवीत भरून ती रिक्षानं नाशिकरोडला गेली, तासभर रांगेत उभी राहिली, आणि खिडकीतल्या मुलीनं सांगितलं, मावशी काही नाही, पुढच्या महिन्यापासून नव्या ठेवींना व्याज पाव टक्का कमी मिळणार, तुमच्या जुन्या ठेवींना काही फरक नाही. हे तिनं एका दमात सांगितलं. ते वाक्य पत्रात का नव्हतं? त्या मुलीनं जे सांगितलं तो खुलासा होता, तूप. पत्रात नुसती बेरी होती.

आता दुसऱ्या सरांकडे येतो. परकीय शब्द नको म्हणणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द यावेत म्हणून, ती दृष्टी फार मोठी. कवी माधव जूलियन तर असे की १९२५ साली फारसी-मराठी कोश त्यांनीच केला आणि पुढे भाषाशुद्धीची बाजूही त्यांनीच हिरिरीनं मांडली. त्यांना दोन्ही भाषा आतून माहीत होत्या. पण आजचे शुद्धीवाले शब्द बदलतात आणि जाब तसाच ठेवतात त्याचं काय? 'स्पष्टीकरण द्या' यात 'खुलासा द्या'पेक्षा कमी धाक आहे का? मावशीच्या पत्रावर 'स्पष्टीकरण' असतं तरी ती पिशवी घेऊन गेलीच असती. स्पष्ट हा शब्द खरं तर फार सुंदर, स्पश् म्हणजे पाहणं, स्पष्ट म्हणजे दिसलेलं, हेराला संस्कृतात स्पश म्हणतात तोही यातलाच. पण मथळ्यात स्पष्ट लिहिल्यानं खालचं दिसायला लागत नाही. मनुस्मृतीत एक श्लोक आहे, निवळीचं फळ पाणी स्वच्छ करतं हे खरं, पण नुसतं तिचं नाव घेतल्यानं पाणी निवळत नाही. पावसाळ्यात गोदावरीचं लाल गढूळ पाणी ज्यांनी हंड्यात भरून ठेवलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको, बी हंड्याच्या आत घासावं लागतं.

आणि शुद्धीवाल्या सरांनी तुमच्या मसुद्यात ड्रिपरला, म्हणजे नळीतून थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोंडाला, 'उत्सर्जक' केलंय ना, ते आधी काढा. दिंडोरीत, निफाडला, कुठल्याही द्राक्षबागेत जाऊन विचारा, ड्रिपर म्हणतात. लॅटरलला नळी म्हणतात. 'नाममात्र प्रवाह ४ लिटर प्रति तास' असं तुम्ही लिहिलंय, यात नाममात्र वाचून शेतकऱ्याला वाटणार पाणी नावालाच येतं! 'एका ड्रिपरमधून तासाला ४ लिटर पाणी' लिहा. तुम्ही पाठवलेलं मुख्य वाक्य असं आहे:

'हमी कालावधीत उत्पादनदोषाव्यतिरिक्त अन्य कोणत्याही कारणास्तव उद्भवणाऱ्या बिघाडाची जबाबदारी कंपनीवर राहणार नाही.'

कोर्टाच्या दृष्टीनं बरोबर असेल, ते बिलामागं राहू द्या. पत्रकात हे कढवून घ्या:

'नळी किंवा ड्रिपर बनवताना आमची चूक राहिली असेल तर बदलून देऊ. उंदरानं कुरतडली, कुदळ लागली, क्षार साचून ड्रिपर चोक झाला तर बदलून मिळणार नाही. बिल जपून ठेवा, बिलाशिवाय हमी मिळत नाही.'

दुसऱ्यात शब्द जास्त आहेत हे मला दिसतंय. कढवणं म्हणजे आखूड करणं असं समजून पुष्कळ लोक फसतात. ताक जाळायचं असतं, तूप नाही, आणि उंदीर, कुदळ, क्षार, बिल हे तूप आहे कारण शेतकऱ्याचं भांडण डीलरशी होणार ते याच चार गोष्टींवरून.

कांद्याच्या मार्केटमधली हिशोबपट्टी बघा कधी, लासलगावची, पिंपळगावची. वजन, भाव, एकूण, खाली जी असेल ती वजावट, आणि तळाला निव्वळ रक्कम. कमी शिकलेला माणूससुद्धा ट्रॅक्टरच्या टपाला टेकून एका नजरेत वाचतो आणि चूक असली तर लगेच अडत्याकडे परत जातो. त्या पट्टीला कुणी खुलासा म्हणत नाही, पण मूळ अरबी अर्थानं माझ्या बघण्यातला सगळ्यात चांगला खुलासा तो आहे, सगळं वजा जाऊन उरलेलं निव्वळ.

तर शीर्षक 'नळी आणि ड्रिपरची हमी: काय बदलून मिळेल, काय नाही' असं द्या. लांब वाटलं तरी चालेल.

खुलासेवार एकच शब्द, जोडून लिहायचा. यातला वार हा फारसी प्रत्यय आहे, तपशीलवार, क्रमवार यांतला. सोमवार-बुधवारातला वार संस्कृत, त्याचा याच्याशी संबंध नाही, आणि ते दोन्ही एक आहेत असं एका वाचकानं मागं मला तावातावानं लिहिलं होतं, त्यांनाही हेच उत्तर समजावं.