माशीच्या नसांना पांघरूण असतं?

प्रश्न : आपल्या चेतातंतूंवर मायलिनचं आवरण असतं. फळमाशीत तसं मायलिन नसतं म्हणे. मग तिच्या नसा उघड्याच राहतात का?

उत्तर : छे, चांगल्या गुंडाळलेल्या असतात! मी विद्यार्थी असताना फळमाशीची अळी उघडून पाहिली होती (पहिल्या चार-पाच माझ्या हातून फाटल्या). मेंदूपासून निघालेल्या नसा पांढऱ्या दोऱ्यांसारख्या पसरलेल्या. एकेका दोऱ्यात कित्येक तंतू, आणि त्यांच्यामध्ये शिरून त्यांना लपेटणाऱ्या ग्लिया पेशी, म्हणजे चेतातंतूंना आधार देणाऱ्या पेशी. त्यांच्याबाहेर ग्लियांचे आणखी दोन थर. खरी राखण त्यातला आतला थर करतो. कीटकाच्या रक्तद्रवात पोटॅशियम भरपूर असतं. ते तंतूंपर्यंत झिरपलं, तर संदेश वाहणंच थांबतं. म्हणून या थरातल्या पेशी एकमेकींना घट्ट सांधलेल्या असतात. या सांध्यांना लागणारं ‘ग्लायोटॅक्टिन’ हे प्रथिन नसेल, तर अळी अंड्यातच लुळी पडते, हे 1995 मध्ये दिसलं. मला सर्वांत नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं : अळी झपाट्याने वाढते, पण या पेशी विभागत नाहीत. आतला डीएनए वाढवत त्या नुसत्या फुगत जातात. विभागल्या, तर सांधे उसवतील ना!