चित्र बघितल्यावर आधी विचारा

सर, कृतिसंशोधनाला, म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गातल्या प्रश्नावर करायच्या अभ्यासाला, विषय चांगला घेतलात: आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला जाऊन मार्च-एप्रिलमध्ये वर्गात परतणारी मुलं. फक्त हजेरीचे तक्ते देऊन शेवटी 'मुलांविषयी आपुलकी वाटली' एवढ्यावर थांबू नका. ती आपुलकी वाचणाऱ्याला दिसली पाहिजे.

कागद-रंग, जमलं तर मोबाइलही, मुलांच्याच हातात द्या. कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस या संशोधकांनी १९९० च्या दशकात चीनच्या युनान प्रांतात खेड्यातल्या बायकांना कॅमेरे दिले होते. 'फोटोव्हॉइस' पद्धत तिथून आली. त्यात फोटोइतकंच महत्त्व त्यावरच्या बोलण्याला आहे.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने कोपीतली, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीतली, चूल काढली होती. शेजारी झोळी, आणि झोळीची दोरी हिच्या हातात. मी 'छान' म्हणून पुढे निघालो होतो. मग सहज विचारलं, "दोरी कशाला गं?" पहाटे आई फडात गेली की धाकट्याला हीच सांभाळायची. अपुऱ्या गृहपाठावरून मी तिला किती बोललो होतो! अहवालात ते चित्र, तिचेच शब्द आणि माझी चूक, तिन्ही शेजारी-शेजारी छापलं.

पालकांची परवानगी घ्याच, पण मुलालाही विचारा, आणि छापण्याआधी पुन्हा एकदा विचारा. नावं, चेहरे टाळा. रडणाऱ्या मुलाचा फोटो तर काढूच नका. दप्तर, चप्पल, हात पुरेसं सांगतात. त्या मुलीने नंतर चित्र परत मागितलं. मूळ कागद तिला दिला, स्कॅन मी ठेवला, तोही तिला विचारूनच.