क्रिएटिनिन ‘नॉर्मल’, तरी लघवीला फेस का?

प्रश्न : सासूबाई 62 वर्षांच्या. मधुमेह 12 वर्षांपासून, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन चालू आहे. क्रिएटिनिन 1.2 आलं आणि रिपोर्टवर मर्यादाही 1.2 पर्यंतच छापलीय. पण लघवीला फेस येतो, संध्याकाळी पावलं सुजतात. गुडघ्यांसाठी त्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून घेतात. काळजीचं आहे का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : आहे. क्रिएटिनिन हा स्नायूंतून तयार होणारा कचरा, तो किडनी गाळते. सासूबाईंचे स्नायू तरुण मुलापेक्षा कमी, त्यामुळे 1.2 हा आकडा पंचविशीतल्या मुलाला चालेल, सासूबाईंना नाही. वय आणि लिंग धरून ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, काढला तर त्या मुलाचा सुमारे 86 येतो, सासूबाईंचा 51. तो 60 च्या खाली तीन महिने टिकला तर किडनीचा जुनाट आजार धरतात.

जी तपासणी हमखास राहून जाते ती लघवीची. फेस लघवीतून प्रथिनं गळत असल्यानेही येऊ शकतो. लॅबमध्ये ‘यूएसीआर’ मागा, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण. साध्या लघवी तपासणीत थोडी गळती निसटते. नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्या. ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असताना नको, आकडा उगाच चढतो. 30 मिग्रॅ/ग्रॅमच्या आत ठीक, 300 च्या पुढे गळती बरीच. वाढीव आला तर पुन्हा करा; तीनपैकी दोनदा वाढलेला हवा. सुजेचं खापर मात्र लगेच किडनीवर फोडू नका. अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीनेही पावलं सुजतात, हृदयामुळेही. तपासण्या होईपर्यंत थांबू नका, या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा.

डायक्लोफिनॅक आजच बंद. किडनीच्या गाळणीत रक्त आणणारी वाहिनी त्याने आवळते आणि बाहेर नेणारी टेल्मिसार्टनने सैल झालेली असते. मग गाळणीतला दाब पडतो. त्यात जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं, तर दोन दिवसांत क्रिएटिनिन दुप्पट होऊ शकतं. टेल्मिसार्टन मात्र मनाने थांबवू नका. एरवी तीच किडनी जपते. दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल किती चालेल, ते डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : वडिलांना किडनीचा त्रास आहे. साध्या मिठाऐवजी कमी सोडियमचं आणलं तर?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : नको. त्यात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनी थकली की पोटॅशियम साठतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. साधंच मीठ दिवसभरात एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे 5 ग्रॅमच्या आत ठेवा. पापड, लोणचं, फरसाण त्यातच मोजायचं. आणि खारवलेली सुकी मासळी घरात असेल तर चमचा मोजून उपयोग नाही. तिच्यातलं मीठ धुतलं तरी पूर्ण जात नाही.